घड्याळाची स्टेम बदलताना: नवशिक्यांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी

घड्याळदुरुस्ती शिकायला आलेल्या बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात अख्खं मशीन उकलायचं असतं. बॅलन्स (डुलणारं चाक) काढायचा, त्याची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग बघायची, ऑइलिंग करायचं. माझं मत वेगळं आहे: आधी स्टेम, म्हणजे चावीच्या बोंडीमागची काडी, बदलायला शिका. हे काम दुकानात सारखं येतं, हत्यारं थोडी लागतात आणि मशीन न खोलता ते पुरं होतं. यात हाताच्या कौशल्यापेक्षा मोजमापाला जास्त किंमत आहे, हे मात्र सुरुवातीला कुणाला पटत नाही.

क्राऊन, म्हणजे घड्याळाच्या कडेची बोंडी, फिरवून आपण चावी देतो, तेव्हा तो क्राऊन ज्या बारीक पोलादी काडीवर बसलेला असतो ती स्टेम. ती आयग्लास लावून नीट बघा. आतल्या टोकाला बारीक पिव्हट, मग चौकोनी भाग, त्यावर मागेपुढे सरकणारा दातेरी क्लच. पुढे गोल भागावर वाइंडिंग पिनियन, म्हणजे चावी देणारं छोटं दातेरी चाक, सैल बसतं. त्यानंतर एक खाच, जिच्यात सेटिंग लिव्हरची (स्टेम धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्टीची) खुंटी अडकते, आणि शेवटी क्राऊनचे आटे. स्टेम तुटते ती बहुधा खाचेपाशी, कारण तिथे धातू सगळ्यात कमी असतो. नाहीतर क्राऊनच्या तोंडाशी, आट्यांवर. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराला मुख्य कारण घाम. गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) कडक झालं की घाम आणि पावसाळी दमटपणा क्राऊनखालच्या नळीतून आत शिरतो, आटे गंजतात आणि एक दिवस क्राऊन हातात येतो. कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या घड्याळांत हे जास्त दिसतं.

पण क्राऊन हातात आला म्हणजे स्टेमच गेली, असं धरून चालू नका. तुटलेली नसून नुसती निसटलेली असेल, तर सेटिंग लिव्हरचा स्क्रू ढिला झालेला असू शकतो; तो आवळला की काम झालं. चावी देताना क्राऊन नुसताच फिरतो, ताण येत नाही, ही तक्रार मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) तुटल्यावरही येते. चावी देताना करकर होऊन दात सुटत असतील तर क्लच आणि पिनियनचे दात बघा. स्टेमच्या चौकोनाचे कोपरे गोल झाले असतील, किंवा खाच झिजून काटे लावताना स्टेम बाहेर येत असेल, तर दोष तिचाच. खाचेबरोबर लिव्हरची खुंटीही झिजलेली असते, हे लक्षात ठेवा. तसं असेल तर नवी स्टेमही पुन्हा सुटणार. लिव्हर बदलायला काटे आणि डायल काढावे लागतात, म्हणजे कामही वेगळं आणि पैसेही वेगळे. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

सरावाला एचएमटीची जनता किंवा पायलट घ्या. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीची घड्याळं बनायला लागली, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे आता सुटे भाग जुन्या साठ्यातून किंवा मेलेल्या मशीनमधून मिळवावे लागतात. तरीही घड्याळं इतकी खपली होती की सरावापुरती अजून सहज मिळतात. मुंबईच्या चोर बाजारातून घेणार असाल तर आत कुणाचा भाग कुणाला लावलाय याचा भरवसा धरू नका. आधीची स्टेमच चुकीची असू शकते, तेव्हा नवी मागवताना तिच्याकडे बघून नव्हे, मशीनवरचा कॅलिबर क्रमांक, म्हणजे मशीनचा प्रकार सांगणारा आकडा, बघून मागवा. स्विस मशीनच्या भागांना ठरलेले क्रमांक असतात: स्टेम ४०१, क्लच ४०७, वाइंडिंग पिनियन ४१०, सेटिंग लिव्हर ४४३. दुकानदाराला कॅलिबर आणि ‘४०१’ एवढं सांगितलं तरी पुरतं. आट्यांचा व्यासही जुळायला हवा. मनगटी घड्याळांत ०.९० मिलिमीटर, म्हणजे आट्यांच्या मापात टॅप १०, खूप ठिकाणी भेटतो, पण सगळीकडे तोच असेल असं नाही.

आता काढणं. हाताने चावी द्यायच्या जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा स्टेमजवळ पुलावर (मशीनवरच्या धातूच्या पट्टीवर) एक छोटा स्क्रू असतो, तो सेटिंग लिव्हरचा. तो डावीकडे एक-दोन फेरेच फिरवा आणि क्राऊन हलक्या हाताने ओढत राहा. स्टेम आपोआप बाहेर येईल. स्क्रू पूर्ण काढला तर लिव्हर डायलच्या बाजूला निसटते, आणि मग पाच मिनिटांच्या कामासाठी काटे-डायल उतरवावे लागतात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते काका स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देऊन स्वतः फेरे मोजायचे. बऱ्याच नव्या मशीनमध्ये स्क्रूऐवजी दाबायचं बटण असतं. तिथेही जोर नको, आणि टोक घसरून बॅलन्सला लागणार नाही असं धरा. केस समोरून उघडणारी असेल तर स्टेम बहुधा दोन तुकड्यांची, एकमेकांत अडकणारी असते. ती नवशिक्याने सध्या बाजूला ठेवावी.

आटे तुटून क्राऊनमध्ये अडकले असतील तर लगेच ड्रिल उचलू नका. क्राऊनचं अंग पितळेचं असेल तर गरम तुरटीच्या पाण्यात टाकून ठेवा. तुरटी पोलाद खाते, पितळेला फारसं काही करत नाही. वेळ लागतो, पण तुकडा काळा पडून विरघळतो. स्टीलच्या क्राऊनवर मात्र हा उपाय करू नका. गॅस्केट नंतर नवीनच घाला.

खरं काम लांबीचं. नवी स्टेम मुद्दाम लांब येते, ती घड्याळाच्या केसप्रमाणे कापायची असते. जुनी शाबूत असेल, किंवा तिचे दोन्ही तुकडे हाती असतील, तर खाचेच्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत व्हर्नियरने मोजा आणि नवी थोडी जास्त ठेवून कापा. जुनी नसेल तर नव्या स्टेमवर क्राऊन पूर्ण फिरवून बसवा, मशीन केसमध्ये असतानाच ती आत घाला, चावीच्या जागेपर्यंत दाबा आणि क्राऊन व केसमध्ये किती फट राहते ते बघा. फटीपेक्षा कमीच कापा. मग पिनव्हाइसमध्ये (बारीक काडी पकडायच्या हातातल्या पकडीत) धरून बारीक कानसीने टोक सपाट करा, क्राऊन घालून-काढून आट्यांवरची कड मोडा आणि पुन्हा बसवून बघा. हे तीन-चारदा करावं लागलं तरी कंटाळू नका, कारण जास्त कापलेलं परत येत नाही. कापताना तुकड्यावर बोट ठेवा, तो उडून डोळ्यात जाऊ शकतो.

लांबी बरोबर आहे हे असं ओळखा: चावीच्या जागेवर क्राऊन केसला जवळपास टेकतो, पण घासत नाही. आखूड असेल तर स्टेम पूर्ण आत बसण्याआधीच क्राऊन केसला अडतो आणि चावी नीट लागत नाही. लांब असेल तर क्राऊन बाहेर डोकावतो, शर्टाच्या बाहीत अडकतो आणि स्टेम पुन्हा तिथेच तुटते. स्क्रूने घट्ट होणाऱ्या क्राऊनचं गणित वेगळं आहे, आत स्प्रिंग असते; ते पुढच्या पायरीवर.

घालताना स्टेम किंचित फिरवत आत ढकला, म्हणजे चौकोन क्लचमध्ये सापडतो. चौकोनावर, खाचेत आणि क्लचच्या दातांवर ग्रीसचा नुसता ठिपका पुरे. शिलाई मशीनचं तेल नको, ते पसरत जातं. आट्यांवर हवंच असेल तर सौम्य थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा द्रव). सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढुरका थर चढतो. मग क्राऊन ओढून काटे फिरवा, आत दाबून चावी द्या, हे अनेकदा करा. दोन्ही जागा स्पष्ट लागल्या पाहिजेत.

घड्याळ परत देताना जुनी स्टेम पुडीत घालून सोबत द्या. विश्वास बसतो आणि पैशावरून वादही कमी होतात. आणि नवं गॅस्केट घातलं असलं, तरी प्रेशर टेस्ट केल्याशिवाय ‘आता पाण्यात चालेल’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका.