झाडावर चढून छाटणीचं काम सुरू करताय? आधी हार्नेस नीट घ्या

बडोद्यात मे महिन्यात पावसाआधी फांद्या काढायची कामं निघतात, आणि बरीच नवी मुलं कंबरेला साधा दोर बांधून वर चढतात, बघून जीव खालीवर होतो. पहिला खर्च हार्नेसवरच, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांवरच करा. बिल्डिंग साइटवरचा नुसत्या पाठीला हुक असलेला बेल्ट पडताना अडवायला असतो, त्यात लटकून काम होत नाही, झाडासाठी कंबर-मांड्यांना रुंद पट्टे असलेला, पुढून दोर जोडायचा हार्नेस लागतो. घ्यायच्या आधी त्यात दहा मिनिटं लटकून बघा, मांडीत रुतला तर सरळ दुसरा साइज मागा.

दोर गिर्यारोहणाचा डायनॅमिक नको, तो ताणतो आणि चढताना निम्मी ताकद त्यातच जाते. कमी ताणाचा, 11 ते 13 मिमीचा घ्या, लेबलवर ईएन 1891 टाइप ए (कमी ताणल्या जाणाऱ्या दोरांचं युरोपीय मानक) बघा. सेकंडहँड दोर कितीही स्वस्त असला तरी नकोच, आतला गाभा खराब झालेला वरून दिसत नाही. कॅराबिनर, म्हणजे दोर हार्नेसला जोडायची धातूची कडी, आपोआप लॉक होणारा घ्या.

वर करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं पाहिजेच, मुख्य दोर आणि खोडाभोवती लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला आखूड दोर), म्हणजे चुकून एक कापला गेला तरी दुसरा धरतो. गुलमोहराची फांदी जाड दिसली तरी तिच्यावर अँकर घेऊ नका, म्हणजे आपला दोर तिला अडकवू नका, ठिसूळ असते. पायाला बांधायचे टोकदार स्पाइक्स फक्त तोडायच्या झाडावर, नुसती छाटणी असेल तर नाही, सालीला जखमा होतात. आणि फांद्यांत विजेची तार असेल तर लाइन बंद करून घेतल्याशिवाय चढायचंच नाही.