प्रोस्टेट कर्करोगाचा बायोमार्कर शोधताना: सोलापुरातील संशोधकांसाठी

अभ्यासाची आखणी करताना सर्वप्रथम एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे बायोमार्करने, म्हणजे आजाराची खूण म्हणून शरीरात मोजता येणाऱ्या घटकाने, नेमके काय सांगावे. उतारवयातील अनेक पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये (मूत्राशयाखालच्या ग्रंथीत) आयुष्यभर त्रास न देणारा संथ कर्करोग असतो, म्हणून ग्लीसन गुणांक (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींवरून ठरणारी कर्करोगाची आक्रमकता) ७ किंवा त्याहून अधिक असलेला आजार वेळेत ओळखणे हेच उद्दिष्ट धरावे. पीएसए या प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाच्या रक्तचाचणीत ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रूढ मर्यादा आहे. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात त्या मर्यादेच्या आतील सुमारे १५ टक्के पुरुषांच्या बायोप्सीत कर्करोग आढळला होता.

सर्वाधिक काळजी तुलनेचा गट निवडताना घ्यावी. तरुण, निरोगी विद्यार्थ्यांचे रक्त सहज मिळते, पण त्यांच्याशी तुलना केल्यास वयामुळे होणारे बदलही कर्करोगाची खूण भासू लागतात. त्याऐवजी लघवीच्या तक्रारी किंवा वाढलेले पीएसए घेऊन एकाच बाह्यरुग्ण विभागात आलेल्या सर्वांचे नमुने बायोप्सीपूर्वीच घ्यावेत आणि अहवाल आल्यावर कर्करोग असलेले व नसलेले असे गट पाडावेत. मोजणी करणाऱ्याला कोणता नमुना कोणत्या गटातला, हे कळू देऊ नये.

नमुना गुदमार्गातून होणाऱ्या तपासणीच्या आधी घ्यावा. मूत्रमार्गाचा संसर्ग असल्यास सहा आठवडे थांबावे, आणि फिनास्टेराइड या प्रोस्टेटवाढीवरील औषधाने पीएसए जवळपास निम्मे होत असल्याने चालू औषधांची नोंद ठेवावी. मुक्त पीएसए (रक्तातील इतर प्रथिनांना न जोडलेला भाग) लवकर घटते, त्यामुळे तीन तासांच्या आत सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, वेगळे करून, लहान भाग पाडून उणे ८० अंशांवर ठेवावे. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात हे विशेष जपावे लागते: रुग्णांचे नमुने अक्कलकोट, मंगळवेढ्याहून प्रवास करून आले आणि तुलनेचे नमुने शहरातच घेतले गेले, तर यंत्र कर्करोगाऐवजी उन्हाचा परिणाम मोजील. दोन्ही गटांची वाहतूक आणि साठवण अगदी सारखी असावी.

पाश्चात्त्य रुग्णांवर घडवलेले जनुकीय संच जसेच्या तसे स्वीकारू नयेत. २००५ साली सापडलेला टीएमपीआरएसएस२-ईआरजी हा जनुकसंयोग (दोन जनुके एकमेकांना जोडली जाणे) गोऱ्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत दिसतो, आशियाई रुग्णांत मात्र बराच कमी.

नमुन्यांची संख्या ठरवण्यापूर्वी बार्शीत १९८७ पासून चालणाऱ्या ग्रामीण कर्करोग नोंदणीची आकडेवारी पाहावी, म्हणजे जिल्ह्यात किती रुग्ण मिळू शकतील याचा अंदाज येतो. निर्णायक मर्यादा, म्हणजे ज्या आकड्यापासून चाचणी कर्करोगसूचक धरायची तो आकडा, पहिल्या रुग्णालयातील रुग्णांवर निश्चित करून, ती न बदलता, दुसऱ्या रुग्णालयातील स्वतंत्र गटावर तपासावी आणि पीएसएच्या तुलनेत किती अनावश्यक बायोप्सी टळल्या व किती घातक कर्करोग निसटले, हे दोन्ही आकडे एकत्र मांडावेत.