दादर पूर्व की पश्चिम? पिनकोडची फोड आणि वर्गवारी

मोठ्या संख्येबद्दल काहीही सांगायचं तर आधी तिचे मूळ अवयव हातात हवेत. सरावाला दादर पश्चिमेचा पिनकोड घ्या: ४०००२८.

शेवटचे दोन अंक २८, म्हणून ४ ने भाग जातो. उरले १००००७. संख्या मूळ नसेल तर तिचा एखादा मूळ अवयव वर्गमूळापर्यंत सापडतोच, त्यापुढे तपासायची गरज नाही. आता वर्गमूळ काढायचं ते या उरलेल्या संख्येचं, म्हणजे ३१६ आणि थोडं. ४०००२८ चं (६३२) धरलंत तर उगाच दुप्पट लांब जाल. ३ आणि ५ लगेच बाद. ७, ११, १३ एकाच फटक्यात तपासता येतात: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा, ००७ आणि १००, वजाबाकी ९३. तिला तिघांचाही भाग जात नाही, म्हणजे १००००७ लाही नाही. (७ × ११ × १३ = १००१, सगळी गंमत त्यात.)

१७ पासून पुढे सरळ भागाकार. पन्नाशीच्या आसपास कंटाळून बरेच जण ‘ही मूळ संख्याच’ म्हणून वही मिटतात. भाग जातो तो थेट ९७ ने, आणि उरतात १०३१. इथे परत २ पासून सुरुवात नको. ९७ हून लहान मूळ संख्या बाद झाल्याच आहेत आणि ९७ चा वर्ग ९४०९, तेव्हा १०३१ मूळच.

४०००२८ = २ × २ × ९७ × १०३१

विभाजकांची संख्या: घातांकांत एकेक मिळवून गुणा, ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज: (१ + २ + ४) × ९८ × १०३२ = ७०७९५२. त्यातून ती संख्या वजा केली की ३०७९२४, म्हणजे संख्येपेक्षा कमी. म्हणून ही न्यून संख्या. नेहमीची चूक म्हणजे दोन वेळा आलेल्या २ साठी ७ ऐवजी ३ × ३ घेणं. मग उत्तर ५१०१९६ येतं, म्हणजे संख्येपेक्षा जास्त, आणि न्यून संख्या विपुल ठरते!

रूळ ओलांडून पूर्वेला या. ४०००१४ = २ × ३ × ३ × ७१ × ३१३. विभाजकांची बेरीज ३ × १३ × ७२ × ३१४ = ८८१७१२; संख्या वजा जाता ४८१६९८. ही खरोखरच विपुल.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी नाव दिलेली हर्षद संख्याही पूर्वेलाच सापडते. अंकांच्या बेरजेने भाग गेला की संख्या हर्षद. इथे बेरीज ९, आणि बेरीज ९ असली की ९ ने भाग जातोच. पश्चिमेची बेरीज १४, पण ७ आपण मघाशीच बाद केला. भागाकार करायचीही गरज नाही.

यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाताने फोडायला मात्र बसू नका. वर्गमूळ दहा लाखांपर्यंत जाऊ शकतं आणि त्याखाली ७८४९८ मूळ संख्या आहेत. लिनक्सवर ‘फॅक्टर’ ही आज्ञा ते काम क्षणात करते. एक्सेल वापरणार असाल तर अंक मोजून घ्या: पंधरापुढचे अंक तो गुपचूप शून्य करतो, आणि तुम्ही भलत्याच संख्येची फोड करत बसता.