आफ्रिकेतल्या विसरलेल्या छळछावण्यांचा अभ्यास नागपुरात बसून कसा करायचा

कॉन्सन्ट्रेशन कॅम्प म्हटलं की आपल्याला हिटलरच आठवतो, पण त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेत ब्रिटिशांनी अन् जर्मनांनी अशा छावण्या चालवल्या, हजारो माणसं, लेकरं त्यात मेली. याचा अभ्यास घरबसल्या होऊ शकतो.

आधी एकच छावणी धरा, अख्खी आफ्रिका घेतली की काहीच हाती लागत नाही. समजा शार्क आयलंड घेतलं, नामिबियातल्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीतल्या, ल्युडरिट्झ गावाजवळचं. 1905 ते 1907 जर्मनांनी हेरेरो अन् नामा लोकांना तिथे डांबलं, नुसता खडक, समुद्राचा बोचरा वारा, अंगावर धड कपडा नाही आणि वरून बंदराच्या कामाला जुंपलेलं. नामांचे एक पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स तिथेच वारले, 1907 मध्ये. आता गूगल मॅप्सवर सॅटेलाइट व्ह्यू लावून ती जागा बघा, बेट आता जमिनीला जोडलेलं आहे आणि तिथे टुरिस्ट लोक तंबू लावून राहतात. फार त्रास होतो हे बघून, तरी कागदांच्या आधी जागा बघाच.

मग कागद. 1918 चा ब्रिटिशांचा सरकारी रिपोर्ट, ज्याला ब्लू बुक म्हणतात, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे, त्यात जगलेल्या लोकांच्या शपथेवरच्या जबान्या आहेत. पण हे कोणी गोळा केलं अन् कशासाठी, हे विचारत विचारत वाचा. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून घेतलेली ती वसाहत ब्रिटिशांना परत द्यायची नव्हती म्हणून पुरावे हवे होते, आणि पुढे 1926 मध्ये तिथल्या गोऱ्यांच्या विधिमंडळाने तोच रिपोर्ट नष्ट करायचा ठराव केला. जबान्या त्यामुळे खोट्या ठरत नाहीत, उलट जास्त लक्ष देऊन वाचाव्या लागतात.

बोअर युद्धाच्या, म्हणजे 1899 ते 1902 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि तिथले डच वंशाचे गोरे शेतकरी (बोअर) यांच्यात झालेल्या लढाईच्या, ब्रिटिश छावण्यांनाही हेच लावा. गोऱ्या बोअर मृतांचा आकडा 27,927 असा शेवटच्या माणसापर्यंत मोजलेला, काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांत मात्र नोंदलेले मृत्यू 14,000 च्या वर आणि खरे त्याहून बरेच जास्त. वहीत दोन रकाने पाडा, नोंद कोणाची झाली आणि कोणाची नाही. दुसरा रकाना रिकामा दिसला तरी सोडू नका, खरं काम तिथेच आहे. या युद्धातले बोअर कैदी आपल्या नगरलाही आणून ठेवले होते, म्हणून वाचनालयात त्या काळच्या मराठी पेपरांच्या फायली मिळतात का तेही विचारा.

आणि चार लोकांना सांगायचं असेल तर 28 मे धरा, नामिबियात 2025 पासून तो हेरेरो अन् नामा लोकांच्या नरसंहाराचा स्मरणदिन आहे. इकडे त्याच दिवशी सावरकर जयंती असते, म्हणून सीताबर्डीकडचा हॉल आधीच बुक करा आणि वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा, त्या उन्हात दुपारी कोणी येणार नाही.