परदेशी पाहुण्याला सोहळा नको, आपला मंगळवार द्या

ठाण्यातल्या एका शाळेत मी आठवी ते दहावीला जर्मन शिकवते. ‘फ्राउ’ म्हणा म्हणून सांगून थकले, मुलं मला ‘बाई’च म्हणतात. आमची मुलं जर्मनीतल्या एका शाळेत राहून आली, तिकडची आमच्या घरांत राहून गेली. तेव्हापासून इतर शाळांतले शिक्षक फोन करून विचारतात, ‘बाई, आम्हालाही एक्स्चेंज सुरू करायचाय. तिकिटं कुठून काढलीत?’ तिकीट ही अगदी शेवटची गोष्ट. त्याआधी निदान एक वर्ष हातात ठेवा.

सुरुवात मराठीपासून करा. फळ्यावर डेअर, डी, डास (जर्मनमधले तो, ती, ते) लिहिलं की वर्ग आधी डास मारायची नक्कल करून घेतो. करू द्यावी. मग मी विचारते, पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते, असं का? कुणालाच सांगता येत नाही, पण चुकतही कुणी नाही. हिंदीत दोन लिंगं, आपल्याकडे तीन, जर्मनमध्येही तीन. मुलगी या अर्थाचा ‘मेडशन’ हा शब्द तिथे नपुंसकलिंगी आहे म्हटलं की मुली चिडतात. त्यांना ‘ते पोरगं’ आठवून द्यायचं.

आकड्यांचंही तसंच. जर्मनमध्ये 21 म्हणजे ‘एक आणि वीस’. आपल्या एकवीसमध्येही एक आधी. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! जर्मनीतही ‘वीस-एक’ म्हणू द्या असा आग्रह धरणारी मंडळी आहेत. जपानी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तर आयतंच मिळालंय. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णांचा अभ्यास जपानला पोचला, त्यामुळे तिथल्या अक्षरांचा तक्ता आ, इ, उ, ए, ओ करत मग का, सा, ता, ना असा चालतो. क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी, आणि ‘छान आहे ना?’मधल्या ‘ना’च्या जागी ‘ने’.

हे सगळं पहिल्या पत्रात कामाला येतं. ‘माझं नाव अमुक, मला क्रिकेट आवडतं’ अशा पत्राला तेवढंच कोरडं उत्तर येतं. आमच्या मुलांनी विचारलं, ‘तुम्हीसुद्धा आकडे लिहिताना 21 चे 12 करता का?’ उत्तर दोन पानी आलं, खाडाखोडीसकट. पत्रं सगळ्या वर्गाने लिहायची हा माझा हट्ट आहे. आमच्या वर्गात 48 मुलं, प्रवासाला गेली 12. बाकीच्या 36 जणांना त्यात काहीच नसेल तर तो एक्स्चेंज नव्हे, पैसेवाल्यांची सहल.

व्हिडिओ कॉल ठरवताना घड्याळाकडे लक्ष ठेवा. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळं बदलतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या कॉलला मी हे साफ विसरले. दीड वाजता आमची मुलं केस विंचरून पडद्यासमोर बसली. तिकडची नेहमीप्रमाणे त्यांच्या दहाला आली, म्हणजे आमच्या अडीचला. तोवर आमच्या निम्म्या मुलांच्या बस सुटल्या होत्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट आधी काढा आणि जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग तेव्हाच तपासा. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो, सहा महिने आधीपासून देता येतो. किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा, आईवडील दोघांचं संमतीपत्र आणि 12 वर्षांपुढच्यांच्या बोटांचे ठसे हे धरून चाला. उलट बाजूचं बरेच पालक विसरतात: परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद यजमानाने करायची असते. हे फक्त हॉटेलांनाच नाही, घरालाही लागू आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आधीच सांगून ठेवा.

आता पाहुणा येतो तेव्हाचं. आमच्याकडे पहिल्या वेळी एक पंधरा वर्षांची मुलगी आली. शाळेने लेझीम, फेटे, औक्षण सगळं केलं. तिने हसून फोटो काढून घेतले आणि रात्री मला विचारलं, ‘तुम्ही रोज असं करता?’ मी ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून सोहळा बंद.

पण खरी परीक्षा ताटावर झाली. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. दुसरीनंतर ती ‘नको, थँक्यू’ म्हणाली. सासूबाईंनी तिसरी वाढली. आपल्याकडे पहिला ‘नको’ म्हणजे संकोच, दुसरा म्हणजे शिष्टाचार, तिसऱ्यांदा म्हटला तेव्हा कुठे तो खरा धरतात. तिच्याकडे पहिलाच ‘नको’ खरा. ताटात टाकायचं नाही म्हणून तिने डोळ्यांत पाणी आणून ती पोळी संपवली, आणि सासूबाईंना वाटलं, आवडली म्हणजे! त्यांनी चौथी उचलली तेव्हा मी मध्ये पडले. हे बोलणं जेवणाच्या आधी व्हायला हवं होतं, आणि दोन्ही बाजूंशी. आता यजमान पालकांच्या सभेत मी पहिलं वाक्य हेच सांगते: ‘नको’ एकदाच ऐका. दुसरं, तिने खोलीचं दार लावलं तर ती रुसलेली नाही. तिसरं, प्रत्येक पोळीला ती थँक्यू म्हणेल; ‘घरच्यांना कसलं थँक्यू’ म्हणून ओरडू नका.

तिनेही आम्हाला अडचणीत आणलं. ‘तुमची मुलगी तुम्हाला तू म्हणते, पण आजोबांना तुम्ही. मग आजोबांवर प्रेम कमी आहे का?’ जर्मनमध्येही ‘डू’ (तू) आणि ‘झी’ (तुम्ही) आहे, पण तिथे घरातल्या सगळ्यांनाच ‘डू’. जेवणाच्या टेबलावर अर्धा तास वाद झाला आणि सासऱ्यांनी जाहीर केलं की त्यांना नातीने ‘तू’ म्हटलेलं चालेल. नातीलाच ते जमेना.

आपली मुलं तिकडे जातात तेव्हा संध्याकाळी बहुतेक घरांत गार जेवण असतं: पाव, चीज, काकडी. आधी सांगितलं नाही तर रात्री दहाला आईला फोन जातो. युरोपात सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तुपाची बरणी घरीच. हापूससुद्धा प्रमाणपत्राशिवाय नाही. चिवडा न्या.

त्या मुलीच्या पंधरवड्यात आम्ही तिला मासुंदा तलाव दाखवला, बोरीबंदर ते ठाणे ही 1853 ची पहिली रेल्वे सांगितली, येऊरला नेलं. पण एका मंगळवारी मला वेळ नव्हता, म्हणून ती सासूबाईंबरोबर जांभळी नाक्यावर भाजीला गेली. दोघींना मिळून इंग्रजीचे दहा शब्द येत असतील. दीड तासाने परतल्या तेव्हा पिशवी तिच्या खांद्यावर होती आणि ती ‘कोथिंबीर द्या ना’ असं एक अखंड वाक्य म्हणत होती.

या वर्षी तिचं पत्र आलं. तलावाबद्दल, रेल्वेबद्दल अक्षर नाही. विचारलंय, भाजीवाले काका आजींना अजून कोथिंबीर फुकट देतात का? सासूबाई उत्तर सांगतायत, मी जर्मनमध्ये लिहितेय, आणि ‘फुकट नाही, वर देतात’ याचं भाषांतर अजून अडलंय.