फॉर्मसाठी गेट की पोस्ट : निवड कशी करावी

वेब फॉर्मची मेथड, म्हणजे भरलेली माहिती सर्व्हरकडे पाठवण्याची गेट किंवा पोस्ट ही पद्धत, ठरवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हा फॉर्म पाठवल्याने सर्व्हरवरील नोंदींत काही बदल होणार आहे का? फक्त माहिती मागवायची असेल तर गेट वापरावी. नोंद तयार होणार, बदलणार किंवा पुसली जाणार असेल तर पोस्ट. फॉर्मच्या टॅगमध्ये मेथड लिहिलीच नाही, तर ब्राउझर गेट गृहीत धरतो, म्हणून ती दर वेळी स्पष्ट लिहावी.

समजा, ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तके शोधण्याचा फॉर्म करायचा आहे. गेटमध्ये भरलेली माहिती यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर जोडली जाते, त्यामुळे लेखक आणि विषयानुसार गाळून घेतलेली यादी वाचकाला बुकमार्क करता येते, तिची लिंक दुसऱ्याला पाठवता येते आणि पान रिफ्रेश केले तरी ब्राउझर फॉर्म पुन्हा पाठवण्याबद्दल विचारत बसत नाही. हाच शोध पोस्टने केला तर या सगळ्या सोयी विनाकारण हातच्या जातात.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र लांबीकडे लक्ष द्यावे. यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे ‘पुणे’ या शब्दातील प, उकार, ण आणि मात्रा या 4 चिन्हांना 36 जागा लागतात. किमान 8000 बाइटपर्यंतचे यूआरएल हाताळता यावेत अशी एचटीटीपीच्या (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीच्या नियमांच्या) 2022 च्या मानकाची शिफारस आहे, पण काही सर्व्हरांची मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असते आणि ती ओलांडली की 414 (यूआरएल फार लांब) ही त्रुटी येऊ शकते. शोधशब्दासाठी ही जागा भरपूर आहे, सविस्तर अभिप्रायासाठी नाही. फाइल जोडायची असेल तर पोस्टच लागते, आणि एन्कोडिंग (माहिती पाठवताना तिची मांडणी) मल्टिपार्ट ठेवावे लागते.

आणखी एक अडचण नवशिक्यांना फार छळते. गेट फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये (फॉर्म ज्या पत्त्यावर पाठवायचा त्यात) आधीच प्रश्नचिन्हानंतरचा भाग लिहिलेला असेल, तर फॉर्म पाठवताना ब्राउझर तो काढून टाकतो. ती माहिती हवी असेल तर ती लपवलेल्या इनपुटमध्ये ठेवावी.

गेट विनंतीने काही बदलणार नाही, असे ब्राउझर आणि सर्च इंजिनांचे क्रॉलर (पाने आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम) गृहीत धरून चालतात. 2005 मध्ये पाने लवकर उघडण्यासाठीचे साधन असलेला गूगल वेब अ‍ॅक्सिलरेटर पानावरील लिंक आधीच उघडून ठेवू लागला, तेव्हा ‘काढून टाका’ अशा साध्या लिंक असलेल्या वेब अ‍ॅप्समधील वापरकर्त्यांचा मजकूर त्यांनी न सांगता पुसला गेला. दोष नुसत्या त्या साधनाचा म्हणता येणार नाही. गेटवर नोंद पुसण्याचे काम सोपवणेच मुळात चुकीचे होते.

पासवर्ड आणि खासगी तपशील नेहमी पोस्टनेच पाठवावेत, कारण यूआरएल ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उरतो. पण पोस्ट म्हणजे गुप्तता नव्हे: एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) नसेल तर वाटेत कोणालाही तो मजकूर वाचता येतो. तसेच दुसऱ्या संकेतस्थळावरून खोटा फॉर्म पाठवला जाऊ नये म्हणून सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आल्याची खूण पटवणारा गुप्त संकेत) पोस्टलाही लागतेच.

ग्रंथालयाचा सदस्यत्वाचा अर्ज पोस्टने घेतल्यावर उत्तरादाखल थेट पान दाखवू नये. नोंद झाल्यावर सर्व्हरने 303 हा कोड देऊन पोचपावतीच्या पत्त्याकडे वळवावे, म्हणजे ब्राउझर ते पान गेटने मागवतो आणि वाचकाने रिफ्रेश केले तरी अर्ज दुसऱ्यांदा जात नाही. अर्थात ‘पाठवा’ हे बटण दोनदा दाबले गेल्यास दुहेरी नोंद टाळण्याची तजवीज सर्व्हरवर वेगळी करावी लागते.

लॉगआउटबद्दल अनेकांचा गोंधळ होतो, कारण तिथे भरण्यासारखे काहीच नसते. तरीही त्याने सत्र संपते, म्हणजे सर्व्हरवरील स्थिती बदलते; म्हणून तिथे लिंक न देता एकाच बटणाचा पोस्ट फॉर्म ठेवावा.