पक्षाचा आधी जन्मदाखला बघा

भाचा यंदा पहिल्यांदा मतदान करणार. लालबागच्या आमच्या खोलीत येऊन म्हणतो, "मामा, या पक्षांत फरक काय?" म्हटलं, भाषणं राहू दे, पक्ष कधी नि कशासाठी निघाला ते बघ. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ साली इथंच, गोवालिया टँकला. शिवसेना १९६६ची, मुद्दा मराठी पोरांच्या नोकऱ्यांचा. हिंदुत्व मागाहून आलं. भाजप १९८०चा, सुरुवातीला 'गांधीवादी समाजवाद' म्हणायचा. विचारसरणी अशी सरकते, म्हणून जुना आणि नवा जाहीरनामा शेजारी ठेवून वाचायचा.

पक्षाच्या घटनेत 'समाजवाद, धर्मनिरपेक्षता' दिसली म्हणून हुरळायचं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ मुळे नोंदणीसाठी ते लिहावंच लागतं, सगळ्यांना!

मग एकच प्रश्न धरायचा. आम्ही गिरण्यांची जमीन धरली: घरं किती, मॉल किती, ठरवणार कोण, सरकार की बाजार? सरकार म्हणणारा डावा, बाजार म्हणणारा उजवा, तिथं पटकन कळतो. जात, भाषा, धर्म मात्र त्या पट्टीत मावत नाहीत. भाच्यानं वहीत डाव्या-उजव्यासाठी एक आडवी, या बाकीच्यांसाठी एक उभी रेघ मारली आणि चहा पार गार होईस्तोवर एकेक पक्ष त्यावर बसवत राहिला. दोन तर कुठंच बसेनात.